नव्या घरातील शस्त्रकोठी : बांधणी आणि जबाबदारी

खंडेनवमीच्या दिवशी मराठी घरात शस्त्रे खाली उतरतात. शेतकरी विळा-कोयता धुऊन ठेवतो, सुतार आपली हत्यारे मांडतो आणि ज्याच्या घरी परवान्याची बंदूक आहे तो ती पुसून पाटावर ठेवतो. हळदकुंकू वाहिले जाते, दुसऱ्या दिवशी सोने लुटले जाते आणि सण पार पडतो. त्यानंतर ती बंदूक कोठे जाते, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारीत नाही. ती कधी पलंगाखाली जाते, कधी कपाटामागच्या कोपऱ्यात, तर कधी माळ्यावरच्या फळीवर. पूजेचा दिवस वर्षातून एकदाच येतो. उरलेले दिवस शस्त्र कोठे व कोणत्या स्थितीत राहते, यावर घराची आणि गावाची सुरक्षितता अवलंबून असते.

अलीकडे नवे घर बांधताना काही कुटुंबे शस्त्रांसाठी वेगळी मजबूत खोली असावी, असा विचार करू लागली आहेत. आत उभे राहून वावरता येईल, शस्त्रे मांडता व पुसता येतील अशी ही खोली, म्हणजेच शस्त्रकोठी, नेमकी कोणाला आवश्यक आहे, ती कशी बांधावी आणि ती बांधल्याने कोणती जबाबदारी पूर्ण होते व कोणती होत नाही, यांचा विचार या लेखात केला आहे.

जुन्या राज्यव्यवस्थेतील दाखला

शस्त्रे आणि दारूगोळा यांची साठवण हा विषय महाराष्ट्राला नवा नाही. मराठ्यांच्या कारभारात अठरा कारखाने होते. त्यांत शस्त्रांचा शिलेखाना आणि दारूचा दारूखाना ही दोन वेगळी खाती होती. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी सिद्ध केलेल्या ‘आज्ञापत्रा’त किल्ल्यांच्या व्यवस्थेचे सविस्तर विवेचन आहे. दारूखाना राहत्या घरांपासून दूर असावा, त्याची बांधणी पक्की असावी आणि ठरावीक दिवसांनी दारू व बाण बाहेर काढून, ऊन दाखवून पुन्हा जागच्या जागी ठेवावे, असा त्याचा आशय आहे. वस्ती व दारू यांत अंतर, पक्की बांधणी आणि नियमित देखरेख ही तीन तत्त्वे त्यात आली आहेत. आजच्या शस्त्रकोठीलाही तीच लागू पडतात.

या तत्त्वांचा विसर पडला म्हणजे काय होते, हे मुंबईने १४ एप्रिल १९४४ रोजी अनुभवले. गोदीत उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजात स्फोटके आणि कापसाच्या गासड्या एकाच वेळी भरलेल्या होत्या. कापसाला आग लागली, ती स्फोटकांपर्यंत पोहोचली आणि गोदीसह लगतच्या वस्तीचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला. त्या आपत्तीत प्राणार्पण करणाऱ्या जवानांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशात अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. जे एकत्र ठेवावयाचे नाही ते वेगळे ठेवावे, हा त्या दुर्घटनेचा धडा एका घराच्या चार भिंतींतही तितकाच खरा आहे.

कायद्याची चौकट

बांधकामाचा नकाशा काढण्यापूर्वी कायद्याची माहिती करून घेणे इष्ट होय. शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये परवान्यावाचून बंदूक जवळ बाळगता येत नाही. जिल्ह्यात जिल्हादंडाधिकारी आणि आयुक्तालयाच्या क्षेत्रात सामान्यतः पोलीस आयुक्त हे परवाना प्राधिकारी असतात. या अधिनियमात २०१९ साली महत्त्वाची दुरुस्ती झाली. पूर्वी एका व्यक्तीस तीन बंदुका बाळगता येत असत. ती मर्यादा आता दोनवर आणण्यात आली आहे. वारशाने आलेली बंदूकही याच मर्यादेत मोजली जाते. परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे करण्यात आली आहे. नेमबाजी खेळाडूंसाठी शासनाने स्वतंत्र सवलती ठेवल्या आहेत.

शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे परवान्यासाठी अर्ज करणाऱ्याला शस्त्र सुरक्षित ठेवण्याविषयी हमी द्यावी लागते. हे हमीपत्र म्हणजे अर्जासोबत जोडावयाचा आणखी एक कागद, अशी अनेकांची समजूत असते. ती बरोबर नाही. परवान्याच्या अटींचा भंग झाल्यास अधिनियमाच्या कलम ३० अन्वये सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. बंदूक चोरीस गेली वा हरवली तर नजीकच्या पोलीस ठाण्यास तात्काळ कळविले पाहिजे. नव्या घरात राहावयास जाणाऱ्याने पत्त्यातील बदल परवाना प्राधिकाऱ्याला कळवून परवान्यावर त्याची नोंद करून घ्यावी. घर नवे, कोठी नवी आणि परवान्यावरचा पत्ता मात्र जुना, अशी स्थिती राहू देऊ नये.

आजोबा-पणजोबांच्या काळातील तलवारी, ठासणीच्या बंदुका व जंबिये अनेक घरांत आहेत. ज्या जुन्या शस्त्राचा बंदूक म्हणून वापर होऊच शकत नाही, अशा कालबाह्य वा नादुरुस्त शस्त्राला कायद्याने काही सूट दिली आहे. परंतु आपले शस्त्र या सवलतीत बसते किंवा नाही, हे मालकाने स्वतःच ठरवून टाकणे धोक्याचे आहे. परवाना कार्यालयाचा लेखी अभिप्राय घ्यावा.

कोठी कोणाला हवी?

दोनच बंदुकांची मर्यादा ध्यानात घेतली, तर बहुतेक परवानाधारकांना आत शिरण्याजोग्या खोलीची गरज नाही, हे उघड आहे. रानडुकरांपासून पिकाचे रक्षण करण्यासाठी बारा बोअरची एक बंदूक बाळगणाऱ्या शेतकऱ्याला पक्क्या भिंतीत बोल्टने जखडलेले पोलादी कपाट आणि काडतुसांसाठी वेगळी कुलूपबंद पेटी पुरेशी आहे. कपाट नुसते उभे करून ठेवले तर चोर ते कपाटासकट उचलून नेतो. म्हणून ते मागून भिंतीला आणि खालून जमिनीला जखडलेले असावे. यासाठी येणारा खर्च थोडा आणि लाभ मोठा आहे.

खोलीचा विचार करावा तो पुढील घरांनी. एकाच कुटुंबात दोघे-तिघे परवानाधारक असतील. घरात नेमबाजीचे खेळाडू असतील. किंवा शस्त्रांबरोबर जुनी कागदपत्रे व दागिने यांनाही सुरक्षित जागा हवी असेल. नेमबाजी हा आता ग्रामीण भागातील मुलामुलींचाही खेळ झाला आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळविले. मध्य प्रदेशातील खरगोन जिल्ह्याचे ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर हेही शेतकरी कुटुंबातून पुढे आले. अशा घरांत शस्त्र हे अभ्यासाचे साधन असते आणि ते नीट ठेवण्याची सोय घरातच करावी लागते.

मानपूरचे उदाहरण : जागा, पाया आणि भिंत

प्रत्यक्ष बांधकामाचा विचार करण्यासाठी इंदूर जिल्ह्यातील मानपूरचे उदाहरण घेऊ. विंध्याच्या कडेला, आग्रा-मुंबई रस्त्यावर, निमाडात उतरणाऱ्या घाटाच्या माथ्यावर हे गाव वसले आहे. तालुक्याचे ठिकाण महू म्हणजे आजचे डॉ. आंबेडकर नगर. तेथे लष्कराची पायदळ शाळा आहे आणि लष्कराचे नेमबाजी प्रशिक्षण केंद्रही आहे. होळकरांच्या काळापासून माळव्यात मराठी कुटुंबे नांदत आहेत. अशाच एखाद्या कुटुंबातील सेवानिवृत्त सैनिक मानपूरला घर बांधावयास काढतो, त्याला व त्याच्या नेमबाज मुलीला परवाने आहेत, असे समजू. येथील माती व पाऊसपाणी विदर्भ, मराठवाडा आणि खानदेश यांच्याशी मिळतेजुळते असल्याने हे उदाहरण तिकडील वाचकांसही उपयोगी पडेल.

पहिली अडचण काळ्या मातीची. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर उथळ पाया घेतला तर भिंती तडकतात, चौकटी वाकतात आणि दरवाजे अडकतात. साधा दरवाजा अडकला तर सुतार तो तासून देतो; पण पोलादी दरवाजाची चौकट वाकली तर ती दुरुस्त करणे फार अवघड जाते. म्हणून कोठीचा पाया काळी माती ओलांडून मुरुमापर्यंत किंवा खडकापर्यंत न्यावा. मातीचा थर फार खोल असल्यास रुरकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशाच जमिनींसाठी विकसित केलेल्या, तळाशी फुगीर असणाऱ्या काँक्रीटच्या खुंटांचा विचार करता येतो. याबाबत स्थापत्य अभियंत्याचा सल्ला अवश्य घ्यावा.

दुसरा प्रश्न वजनाचा. आतून १.८ मीटर लांब, १.५ मीटर रुंद आणि २.४ मीटर उंच अशी कोठी धरली आणि भिंती व छत १५ सेंटिमीटर जाडीच्या सळईयुक्त काँक्रीटचे घेतले, तर काय होते ते पाहू. अशा काँक्रीटचे वजन घनमीटरला सुमारे २,५०० किलो असते. दरवाजाची जागा वगळून भिंतींचे वजन सुमारे ५,८०० किलो आणि छताचे सुमारे १,४०० किलो, म्हणजे एकूण सात टनांहून अधिक होते. पोलादी दरवाजा निराळाच. एवढा भार वरच्या मजल्याच्या स्लॅबवर टाकणे हा अविचार ठरेल. कोठी तळमजल्यावर आणि स्वतःच्या पायावरच असली पाहिजे. घर बांधून झाल्यावर ही सोय करणे कठीण जाते, म्हणून नकाशा काढतानाच तिचा विचार व्हावा.

जागा घराच्या मध्यभागी, शक्यतो दोन्ही बाजूंनी खोल्या असलेली निवडावी. बाहेरच्या भिंतीला लागून कोठी असली तर मागच्या गल्लीतून भिंत फोडणाऱ्याला मोकळीक मिळते. न्हाणीघर वा मोरीची भिंत कोठीला लागून नसावी. ओल तेथूनच शिरते. तळघर मानपूरसारख्या पावसाच्या गावी टाळलेलेच बरे. भिंतीतील सळ्यांची जाळी इतकी दाट असावी, की काँक्रीट फोडले तरी माणूस आत शिरू शकणार नाही. छताकडे दुर्लक्ष करू नये. भिंती काँक्रीटच्या आणि वर पत्रा किंवा कौले, अशी कोठी म्हणजे कडीकुलूप लावलेली पण झाकण नसलेली पेटी होय.

दरवाजा, कुलूप आणि किल्ली

कोठी तिच्या दरवाजाइतकीच मजबूत असते. तिजोऱ्या बनविणारे कारखाने मजबूत खोल्यांचे दरवाजे चौकटीसह देतात. ही चौकट भिंतीचे काँक्रीट ओततानाच सळ्यांना जोडून बसवावी. मागाहून भोके पाडून बसविलेली चौकट पहारीने उचकटते. दरवाजा बाहेर उघडणारा असावा आणि बिजागरीच्या बाजूसही आतून खिट्ट्या असाव्यात, म्हणजे बिजागरी कापली तरी दरवाजा निघत नाही.

एका गोष्टीत कोणतीही तडजोड करू नये. दरवाजा आतून, किल्लीवाचून उघडता आला पाहिजे. वाऱ्याने किंवा चुकून दरवाजा लागला आणि आत माणूस अडकला, तर जाड भिंतींतून त्याची हाक बाहेर ऐकू येत नाही. लपंडाव खेळणारे मूल अशा खोलीत शिरले तर काय ओढवेल, याचा प्रत्येक घरमालकाने विचार करावा. आतून उघडणारी मूठ अंधारातही दिसेल अशी असावी. हवेसाठी एक नळी जमिनीलगत आणि दुसरी छताजवळ, दोन्ही मध्ये वाकविलेल्या व जाळी लावलेल्या, अशी सोय करावी.

किल्लीचा प्रश्न दरवाजाहून नाजूक आहे. ज्याच्या हाती किल्ली त्याच्या हाती बंदूक, हे सरळ समीकरण आहे. परवाना वडिलांच्या नावे आणि किल्ली देवघरातील खुंटीवर, अशी स्थिती असेल तर घरातील प्रत्येकजण परवान्यावाचून शस्त्रधारी झाल्यासारखेच आहे. किल्ली परवानाधारकाच्या अंगावर असावी. दुसरी किल्ली बँकेच्या लॉकरमध्ये ठेवता येईल. आकड्यांचे कुलूप असल्यास जन्मतारीख किंवा गाडीचा क्रमांक वापरू नये. कोठीची वाच्यताही नको. पाहुण्यांना ती कौतुकाने दाखविणे म्हणजे चोराला पत्ता देणे होय.

ओल आणि गंज

नवे काँक्रीट दिसावयास कोरडे दिसले तरी कित्येक महिने ओल सोडत राहते. बांधकाम संपताच वास्तुशांत उरकून बंदुका आत ठेवल्या तर पहिल्याच पावसाळ्यात नळीवर गंज चढतो. कोठीला एक पूर्ण उन्हाळा मिळू द्यावा; तोवर दरवाजा उघडा ठेवून हवा खेळू द्यावी आणि शस्त्रे पूर्वीच्याच कपाटात ठेवावीत.

मृगापासून हस्तापर्यंत हवेतील दमटपणा हाच शस्त्राचा मुख्य शत्रू असतो. आत दमटपणा मोजण्याचे साधे यंत्र लावावे आणि तो पन्नास टक्क्यांच्या आसपास राखण्याचा प्रयत्न करावा. ओल शोषून घेणारे सिलिका जेलचे दाणे स्वस्त असतात. रंग बदलला म्हणजे ते ओलावले असे समजावे आणि उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे तापवून पुन्हा वापरावे. बंदूक कातडी म्यानात वा खोळीत घालून ठेवू नये, कारण कातडे ओल धरून ठेवते. खोबरेल किंवा गोडेतेल काही दिवसांनी चिकट होते, म्हणून शस्त्रासाठी मिळणाऱ्या खनिज तेलाचा पातळ हात द्यावा. मांडणी लाकडाची असल्यास वाळवीवर नजर ठेवावी. महिन्यातून एकदा, ठरल्या दिवशी, शस्त्रे बाहेर काढून पुसावीत आणि मोजून पुन्हा ठेवावीत. दारूला ऊन दाखविण्याच्या जुन्या शिस्तीचेच हे आजचे रूप आहे.

काडतुसांची वेगळी जागा

बंदूक नेहमी रिकामी करूनच कोठीत ठेवावी आणि ती रिकामी आहे हे आत ठेवण्यापूर्वी प्रत्येक वेळी नळी उघडून पाहावे. काडतुसे त्याच खोलीत असली तरी वेगळ्या कुलपाच्या पेटीत असावीत; वेगळ्या खोलीत असली तर अधिक चांगले. आग लागल्यास सुटे काडतूस फुटते, पण त्याला नळीचा आधार नसल्याने गोळीला फारसा जोर येत नाही. नळीत भरलेले काडतूस मात्र आगीच्या झळीने सुटले तर ती खरोखरीची गोळी ठरते. ठासणीच्या बंदुकीसाठी लागणारी सुटी दारू, रॉकेल, रंग आणि गॅसची टाकी यांना या खोलीत मुळीच थारा देऊ नये. परवान्यावर नमूद मर्यादेपेक्षा एकही काडतूस अधिक ठेवू नये.

भिंतीपलीकडची गोष्ट

एवढी काळजी घेऊन बांधलेली कोठीही एका सवयीपुढे व्यर्थ ठरू शकते. जर्मनीतील विनेंडेन या गावी मार्च २००९ मध्ये एका सतरा वर्षांच्या मुलाने गोळ्या झाडून पंधरा जणांचे प्राण घेतले आणि अखेर स्वतःचाही अंत करून घेतला. त्याचे वडील नेमबाजी मंडळाचे सभासद होते. त्यांच्याकडील शस्त्रांसाठी घरात मजबूत तिजोरी होती आणि बहुतेक शस्त्रे तीतच होती. एकच पिस्तूल निजण्याच्या खोलीत, कुलपाबाहेर राहिले होते. मुलाने तेच नेले. पुढे न्यायालयाने वडिलांना दोषी ठरविले. ‘रात्रीबेरात्री हाताशी असावी म्हणून एक बंदूक बाहेर’ या विचाराची किंमत किती मोठी असू शकते, हे या घटनेने दाखवून दिले.

शस्त्राचा धोका केवळ चोराकडून वा लहान मुलाकडूनच असतो असेही नाही. कर्जाने, नापिकीने, परीक्षेतील अपयशाने किंवा आजाराने खचलेला माणूस घरातलाच असतो. इस्रायलच्या सैन्यात सुट्टीवर जाताना शस्त्र घरी नेण्याची प्रथा २००६ साली थांबविण्यात आली. त्यानंतर तेथील तरुण सैनिकांच्या आत्महत्यांचे प्रमाण सुमारे चाळीस टक्क्यांनी घटल्याचे आढळले. निराशेचा तो क्षण टळला तर माणूस अनेकदा वाचतो, आणि तो क्षण टाळण्याचे काम एक कुलूप करू शकते. घरातील कोणाचे मन ठिकाणावर नसल्याचे जाणवले, तर कोठीच्या भरवशावर न राहता शस्त्र काही काळ पोलीस ठाण्यात वा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे. त्यात कमीपणा नाही. घरातील माणसावरील माया तीत दिसून येते.

परवानाधारकाच्या मृत्यूनंतर बंदूक आपोआप मुलाची होत नाही. कुटुंबीयांनी ती विनाविलंब जमा करून वारसाच्या नावे परवान्यासाठी रीतसर अर्ज करावा. याचा तपशील, किल्लीचे ठिकाण आणि शस्त्रांची यादी परवानाधारकाने पाकिटबंद करून विश्वासू व्यक्तीकडे द्यावी, म्हणजे दुःखाच्या प्रसंगी घरच्यांची धावपळ होत नाही.

शिक्षक आणि गावकरी यांचे कार्य

बंदूक दिसली तर हात लावू नये, तेथून दूर व्हावे आणि मोठ्या माणसाला सांगावे, ही तीन वाक्ये प्रत्येक मुलाच्या तोंडी असावीत. शाळेत रस्ता ओलांडण्याचे नियम शिकवितात तसेच हेही शिकविता येईल. परंतु मुलाला शिकविले म्हणून मोठ्यांचे काम संपत नाही. कुलूप लावणे हे मोठ्यांचेच कर्तव्य होय. गावातील लग्नवरातीत हौसेखातर गोळीबार करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास वा एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, हेही ग्रामसभेत सांगितले जावे. परवानाधारकांच्या गाठीभेटीत पोलीस पाटील व ठाणे अंमलदार यांनी परवान्याच्या कागदाबरोबर कपाटाच्या कुलपाचीही चौकशी केल्यास पुढचे अनेक अनर्थ टळतील.

मानपूरच्या त्या सैनिकाने कोठी बांधली, तिला एक उन्हाळा दिला, पत्ता परवान्यावर नोंदविला आणि किल्ली स्वतःजवळ ठेवली, तर खंडेनवमीला तो निश्चिंत मनाने शस्त्र पाटावर ठेवू शकेल. मात्र पूजा आटोपताच, पाहुण्यांना पानसुपारी देण्यापूर्वी, त्याने ते शस्त्र पुन्हा कुलपात ठेवले पाहिजे. शस्त्राचा खरा मान राखण्याची ही रीत आहे.